पोटखराब माळाचे फोटो

मागच्या खेपेला आपण शेळीच्या विम्याबद्दल बोललो. आजचा विषय ऐकून काहीजणी हसतील, आम्हीही पहिल्यांदा हसलोच होतो. कामधंद्यातून मोकळं झाल्यावर माळावर जाऊन पक्ष्यांचे, जनावरांचे आणि खुद्द माळाचे फोटो काढायचे, असा हा छंद आहे. यातून पैसा मिळत नाही, हे आधीच सांगतो. नाहीतर पुढच्या मिटिंगला कुणीतरी कॅमेऱ्यासाठी कर्जाचा अर्ज घेऊन यायची.

आमच्या गटातल्या एक बाई अंगणवाडी सेविका होत्या. गावातली निम्मी तरणी पोरं त्यांच्या हाताखालून गेलेली, म्हणून सगळं गाव त्यांना नुसतं 'बाई' म्हणतं. ६५ वर्षं पूर्ण झाली आणि त्या निवृत्त झाल्या. शाल झाली, नारळ झाला, भाषणं झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी बाई आंघोळ करून, वेणी घालून, पिशवी काखेला लावून दारात उभ्या. सुनेनं विचारलं, "आत्या, कुठं निघालात?" बाईंना सांगता येईना.

ही गोष्ट त्यांनीच आम्हाला सांगितली, हसत हसत. आम्हाला मात्र हसू आलं नाही. नोकरी सुटली की पगार थांबतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. सकाळी उठून कुठं जायचं तेही थांबतं, त्याबद्दल कुणी बोलत नाही. आणि बाईंना निवृत्ती मिळाली तरी. आपल्यातल्या बहुतेकींना ती कुणी देतच नाही. शेतात राबणारीचे गुडघे दुखायला लागले की तिला भांगलणीला न्यायचं बंद होतं, सून आली की चूल हातातून जाते, झालं. मग ओसरीवर बसून नातवंडं राखायची. ते कामच आहे, पण त्यातून सकाळचा एक तास काढता येतो. तो एक तास आपण कशाला द्यावा, एवढंच आज सांगायचं आहे.

बाईंना शुगर आहे. डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून त्या माळाकडं जायला लागल्या. हातात मुलाचा जुना मोबाईल, कोपऱ्यात काच तडकलेली. मोबाईल त्यांना नवा नव्हता, पोषण ट्रॅकरवर मुलांची वजनं-उंची भरता भरता बोटं सरावलेली. एक दिवस त्यांनी आम्हाला एक फोटो दाखवला. आम्हाला दिसली माती आणि चार खडे. बाई म्हणाल्या, "नीट बघा." त्यांनी बोट ठेवलं तेव्हा दिसलं, ढेकळाशेजारी ढेकळाच्याच रंगाचा एक चंडोल बसला होता. फोटो काही चांगला नव्हता. पण त्या जागेवरून आम्ही रोज गाडीवरून जातो, आणि तिथं चंडोल राहतो हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

आता आमच्यातल्या चौघी नेमानं जातात. बाई, शाळेत खिचडी शिजवणाऱ्या एक काकू, आणि दोन सासूबाई, ज्यांना कधी पगार नव्हता म्हणून निवृत्तीची तारीखही नाही. आम्ही हिशोबाच्या वह्यांतून सुटलो की रविवारी त्यांच्याबरोबर जातो.

आमचा मुलूख माणदेशाचा. सातबाऱ्यावर माळाला 'पोटखराब' म्हणतात. आपल्या तोंडीही माळ म्हणजे काही न पिकणारी जागा. पण गवत, कुसळ, बोरीची झुडपं आणि दगड यांच्यावर जगणारी एक मोठी वस्ती तिथं आहे. धाविक नावाचा पिटुकला पक्षी तुरुतुरु पळतो, थांबतो, पुन्हा पळतो. त्याचा फोटो काढायचा तर तो थांबण्याची वाट बघायची, तो पळताना आपण पळायचं नाही. तारेवर नीलपंख बसलेला असतो, बसलेला असताना मळकट वाटतो, उडाला की निळाशार. खाटीक पक्षी टोळ धरून बाभळीच्या काट्याला टोचून ठेवतो, अगदी खुंटीला पिशवी अडकवावी तसा. थंडीत भोवत्या नावाचे शिकारी पक्षी मध्य आशियातून येतात, गवताच्या शेंड्यांवरून हळूहळू फिरतात आणि रात्री गवतातच जमिनीवर झोपतात. माळाला वणवा लावला की त्यांचं घर जातं, हे वणवा लावणाऱ्याला माहीतही नसतं. खोकड आहे, शेपटीचं टोक काळं, उंदीर खातं आणि बोरंही खातं. लांडगा आहे. त्याच्याबद्दल नंतर बोलू.

ज्यांना ही जनावरं खात्रीनं बघायची आहेत त्यांच्यासाठी आपल्या आसपास जागा आहेत. बारामती तालुक्यात सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे, तिथं चिंकारा दिसतो. कर्जत तालुक्यातल्या रेहेकुरीला काळवीट. दोन्ही हरणं लांबून सारखी वाटतात, पण काळविटाच्या नराची पाठ काळी आणि शिंगं पिळाची असतात, मादीला बहुतेक शिंगं नसतात. चिंकाऱ्यात मादीलाही बारीक शिंगं असतात. भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर हिवाळ्याच्या शेवटाला रोहित पक्षी येतात. तिथले मासेमार नावेतून फिरवतात आणि कुठला पक्षी किती जवळ येऊ देतो हे त्यांना तोंडपाठ आहे. अभयारण्यात फोटो काढायचे तर वनखात्याच्या चौकीवर आधी विचारायचं आणि परवानगी, पावती घ्यायची.

सोलापूरजवळच्या नान्नजची गोष्ट इथं सांगायलाच हवी. १९७२ साली बी. एस. कुलकर्णी या पक्षी निरीक्षकांना तिथल्या माळावर माळढोक दिसला. बाजरी-ज्वारीच्या शेतांतून फिरणारा, माणसाच्या कमरेएवढा उंच पक्षी. गावच्या लोकांनी तो आधी पाहिला नव्हता असं थोडंच आहे? पण त्यांनी तो बघितला, ओळखला आणि दुसऱ्यांना सांगितला. १९७९ साली तिथं अभयारण्य झालं. आता माळढोक जवळजवळ संपत आला आहे. त्याचा एक भाऊबंद ऑस्ट्रेलियातल्या कोरड्या, विरळ वस्तीच्या मुलखात अजून फिरतो. त्या मुलखाला तिकडं आउटबॅक म्हणतात. तिथली निवृत्त माणसं गाडीला घर जोडून महिनोन्‌महिने फिरतात, लाल मातीचे आणि कांगारूंचे फोटो काढतात. आपल्याला गाडी नको, घर नको, माळ गावाला लागूनच आहे. मात्र त्यांच्याकडं वेळ असतो आणि वेळ मागायची त्यांना लाज वाटत नाही, तेवढं घेण्यासारखं आहे.

आता फोटो कसा काढायचा ते सांगतो. सगळ्यात आधी मोबाईलचं भिंग पुसा. आपल्या फोनवर पिठाचा, तेलाचा हात लागलेला असतो, निम्मे फोटो त्यानंच धुरकट येतात. आधी फुंकर मारून धूळ उडवा, मग सुती पदराच्या मऊ कोपऱ्यानं हलकेच पुसा. धूळ असताना घासलं तर ओरखडे पडतात.

दुसरं म्हणजे उजेड. दिवस उगवल्यापासून दीड-दोन तास आणि मावळायच्या आधीचा तास-दीड तास. ऊन तिरपं असतं, गवताच्या काडीकाडीला कड येते, ढेकळाची सावली पडते आणि माळ सपाट दिसत नाही. ऊन आपल्या पाठीशी ठेवायचं. दुपारी कितीही भारी फोन असला तरी जमिनीतून वाफा निघाल्यासारखी हवा हलते आणि लांबचं हरीण पाण्यात बुडाल्यासारखं येतं. त्यात फोनचा दोष नाही, आपली वेळ चुकलेली असते. उन्हात पडद्यावर काही दिसत नाही ही सगळ्यांची तक्रार. त्यावर काकूंनी उपाय काढला, डोक्यावरचा पदर पुढं ओढून फोनही पदराच्या आत घ्यायचा. पूर्वीचे फोटोग्राफर काळ्या कापडात डोकं घालायचे ना, तसंच.

तिसरं म्हणजे झूम. दोन बोटांनी ताणून मोठं केलेलं चित्र बहुतेक फोनवर नुसतं फुगवलेलं असतं, त्यात तपशील वाढत नाही. थोडंच ताणा. फोटो काढून झाल्यावर घरी बसून कापा. हात थरथरतो म्हणून सासूबाई नाराज होत्या. आता त्या बांधावर कोपर टेकतात, श्वास रोखतात आणि आवाज वाढवायच्या बटणानं फोटो घेतात, म्हणजे पडद्यावर बोट आपटून फोन हलत नाही. ज्यावर नजर हवी तिथं पडद्यावर एकदा टिचकी मारायची.

एवढं करूनही चंडोल मुगाच्या दाण्याएवढाच येणार. लांबची मोठी लेन्स लाखाच्या घरात जाते आणि पुढंही. आमचं मत स्पष्ट आहे, गटाचं अंतर्गत कर्ज यासाठी नाही. त्यापेक्षा मुगाएवढा पक्षी मुगाएवढाच राहू द्या आणि त्याच्या भोवतीचा माळ चांगला येऊ द्या. आम्ही तर म्हणू, मोबाईलवाल्यांनी पक्ष्यांपेक्षा माळाचेच फोटो जास्त काढावेत. तिथं हा फोन कुठं कमी पडत नाही. आभाळ आणि भुई यांची रेघ सरळ ठेवा, ती फोटोच्या अगदी मधोमध नको. आभाळात ढग असतील तर आभाळ जास्त घ्या, कोरडं पांढरं आभाळ असेल तर भुई जास्त. आणि जवळचं काहीतरी एक घ्या. बाभूळ, बांध, मेंढरांचा कळप, धनगराची पाठ. नुसता मोकळा माळ डोळ्याला मोठा वाटतो, फोटोत तो परड्याएवढा होतो. शेजारी एक मेंढरू असलं की मग कळतं केवढा आहे ते.

शेवटचं काम घरचं. तारीख, जागा आणि काय दिसलं हे वहीत लिहायचं. बाईंनी अंगणवाडीच्या रजिस्टरसारखे रकाने आखलेत. नाव माहीत नसेल तर मर्लिन नावाचं मोफत अ‍ॅप फोटोवरून पक्ष्याचं नाव सुचवतं. पण त्याचं ऐकून गप्प बसू नका, ते चुकतंही. आधी घरातल्या म्हातारीला विचारा. आमच्या एका सासूबाईंना टिटवीच्या ओरडण्यावरून कुत्रं आलंय का माणूस, ते सांगता येतं. असं कुठल्या अ‍ॅपमध्ये नाही.

टिटवीचं नाव निघालं, म्हणून एक सांगतो. हे आम्ही आजवर रेडिओवर बोललो नव्हतो.

पहिल्या वर्षी मे महिन्यात ओढ्याच्या वरच्या अंगाला टिटवीची अंडी सापडली. चार अंडी, खड्यांसारखी, उघड्या जमिनीवर. आम्ही आठजणी होतो. सगळ्यांना फोटो हवा होता. एकीनं जवळचे खडे बाजूला सारले, अंडी नीट दिसावीत म्हणून. टिटवी डोक्यावरून घिरट्या घालून ओरडत होती, आणि आम्ही म्हणत होतो, केवढी कलकल करते बघा. अर्धा तास तरी गेला असेल. सकाळचे दहा वाजून गेले होते. भुई तापली होती.

उन्हाळ्यात टिटवी अंड्यांवर बसते ती ऊब द्यायला नव्हे, सावली द्यायला. पाण्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवून आणते आणि अंडी गार ठेवते. हे आम्हाला नंतर कळलं. दोन दिवसांनी बाई एकट्या बघायला गेल्या. अंडी होती तिथंच, टिटवी नव्हती. त्यानंतर कावळ्यांनी ती फोडली. उन्हानं गेली, आम्ही खडे हलवल्यामुळं कावळ्याला दिसली, की आणखी काही झालं, ते नक्की कुणी सांगू शकत नाही. पण आम्ही आठजणी तिथं उभ्या नसतो तर टिटवी उठलीच नसती. तो फोटो बाईंच्या फोनमध्ये अजून आहे. चांगला आलाय, सगळ्या फोटोंत तोच स्पष्ट आहे. तो आम्ही कुठल्या प्रदर्शनात लावत नाही, आणि नव्या बायका आल्या की त्यांना पहिला तोच दाखवतो.

तेव्हापासून आमचे नियम झाले. घरट्याचा, अंड्यांचा, बिळाच्या तोंडाचा फोटो नाही. पक्षी मान वर करून आपल्याकडं बघायला लागला की आपण जास्त जवळ आलो, दोन पावलं मागं. आवाज लावून बोलवायचं नाही, दाणे टाकून बसवायचं नाही. उन्हाळ्यात पाणवठ्याला चिकटून बसायचं नाही, आपण तिथं असलो तर तहानलेलं जनावर पाणी न पिता परत जातं. आणि दुर्मिळ काही दिसलं तर फोटो ग्रुपवर टाकताना जागा सांगायची नाही. फोनच्या कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जागेची नोंद चालू असेल तर ती फोटोबरोबर पुढं जाऊ शकते, ती बंद करून ठेवा. फोटो बघून शिकारीही येतात.

आता लांडगा. धनगराच्या वाड्यावर त्याचं नाव काढलं की शिव्याच येतात, आणि त्या का येतात हे आम्हाला कळतं. ज्याची कोकरं गेली त्याला जाऊन लांडगा किती देखणा आहे हे सांगणाऱ्यातल्या आम्ही नाही. पण लांडगा कायद्यानं संरक्षित आहे, त्याला मारणं हा गुन्हा आहे, आणि त्यानं शेळी-मेंढी मारली तर वनखात्याकडून भरपाई मिळते. त्यासाठी पंचनामा व्हावा लागतो. इथं हा छंद कामाला आला. एका वाड्यावर पहाटे दोन मेंढ्या मेल्या. मेलेलं जनावर उचलून टाकायच्या बेतात होते, बाईंनी थांबवलं. वनरक्षकाला फोन लावला आणि तो येईपर्यंत फोटो काढले. मेंढी जागेवर, गळ्याच्या जखमा, आजूबाजूची जागा, चिखलातले ठसे. ठशाचा मोठेपणा कळावा म्हणून हातातली बांगडी काढून ठशाशेजारी ठेवली. कुत्र्याचा ठसा आणि लांडग्याचा ठसा वेगळा ओळखणं जाणकारालाही अवघड जातं, बांगडीमुळं निदान माप तरी कळलं. धनगराला भरपाई मिळाली, बऱ्याच हेलपाट्यांनी. तेव्हापासून त्या वाड्यावरची कुत्री आमच्यावर भुंकायची थांबली नाहीत, माणसं मात्र चहा देतात.

लोक काय म्हणतात, हे विचारायला नकोच. म्हातारी मोबाईल घेऊन रानात काय करते? एकदा आवई उठली की बाई पवनचक्कीवाल्यांच्या माणूस झाल्या, जमिनीचे फोटो काढून कंपनीला देतात. दोन शेतकरी सातबारा घेऊन त्यांच्या दारात आले, भाव विचारायला. बाईंनी त्यांना बसवून सगळे फोटो दाखवले. त्यातल्या एकानं स्वतःच्याच पडिकात खोकडाची पिल्लं खेळताना बघितली, लांबून काढलेली. तो म्हणाला, "आमच्यात हे असतं व्हय?" भाव विचारायचं राहूनच गेलं.

गेल्या पावसाळ्याआधी ग्रामसभेत गायरानाच्या माळावर खड्डे घेऊन झाडं लावायचा विषय आला. झाडं लावणं चांगलंच, आमचे गटही लावतात. पण गवताच्या माळावर दाट झाडी केली की गवत जातं, गवताबरोबर चंडोल, धाविक, भोवत्या जातात, आणि मेंढरांची चराईही जाते. हे नुसतं सांगून कुणी ऐकलं नसतं. बाईंनी शाळेच्या भिंतीवर वर्षभराचे फोटो चिकटवले, खाली तारखा आणि जागा. कार्तिकातला माळ, चैत्रातला माळ, एकाच दगडावर उभं राहून काढलेला. लोक आपापली जागा शोधत उभे राहिले. सरपंच म्हणाले, यंदा झाडं रस्त्याच्या कडेला आणि शाळेच्या आवारात लावू. पुढच्या वर्षीचं काही ठरलेलं नाही. फलक तयार आहेत, पुन्हा लावू.

लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमची जगप्रसिद्ध स्पर्धा असते. २०२० साली तिथं पनवेलच्या ऐश्वर्या श्रीधर यांच्या फोटोचा गौरव झाला. फोटो कशाचा, तर झाडावर लखलखणाऱ्या काजव्यांचा. आपण लहानपणी मुठीत धरायचो ते काजवे. आमच्या काकूंनी हे ऐकलं आणि म्हणाल्या, "मग आपलं काय वाईट आहे?" स्पर्धेत भाग घ्यायला आमची ना नाही, पण फी मागणाऱ्या स्पर्धांचे मेसेज फोनवर येतात, त्यात पैसे भरण्याआधी एकदा आम्हाला विचारा.

यायचं असेल त्यांच्यासाठी. येत्या रविवारी सकाळी सहाला ओढ्याच्या पुलापाशी जमतो. चप्पल नको, पाय झाकणारे बूट घाला, दगडांत फुरसं असतं. दगड उलथायचा नाही, हाताला काठी ठेवा. रंगीत झगझगीत साडीपेक्षा मातकट, जुनी नेसा. पाण्याची बाटली आणा. एकटीनं जायचं नाही, घरी सांगून यायचं. गोळ्या चालू असतील तर खाऊन या, शुगरवाल्यांनी पिशवीत भाकरीचा तुकडा ठेवा. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर डॉक्टरांना विचारून, धुळीचं काम आहे. नऊच्या आत परत. ज्यांच्याकडं फोन नाही त्यांनीही या, दोघीत एक चालतो. आणि फोन रात्रीच चार्जिंगला लावा, सकाळी लाइट असेलच असं नाही.